सोरबॉन मुळात बोर्डिंगच होतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युरोपातल्या जुन्या विद्यापीठांवर आलेलं पान मी दोनदा वाचलं. काळे झगे, दगडी मनोरे, पदवीदानाच्या मिरवणुका, सगळं होतं. पण ही पोरं राहत कुठं आणि जेवत काय, हे कुठंच नव्हतं. मी ३१ वर्षं वसतिगृहाचा अधीक्षक होतो. मला ते खटकलं, म्हणून हे पत्र.

बोलोन्याच्या विद्यापीठाची सुरुवात १०८८ पासून धरतात. तेव्हा त्याला स्वतःची इमारतही नव्हती. परगावाहून कायदा शिकायला आलेल्या पोरांनी पुढं संघ केला. खोल्यांचं भाडं ते एकजुटीनं ठरवून घेत, आणि तासाला उशिरा येणाऱ्या गुरुजींना दंड लावत. 'युनिव्हर्सिटी' हा शब्दच मुळी अशा संघाचा.

पॅरिसची गोष्ट मला जास्त जवळची. रॉबेर द सोरबॉन हा खेड्यातल्या गरीब घरचा मुलगा, पुढं राजा नववा लुई याच्या पदरी पाद्री झाला. धर्मशास्त्र शिकायला येणाऱ्या गरीब पोरांचे हाल त्याला ठाऊक होते. १२५७ च्या सुमारास त्यानं त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय केली. आज जगभर दबदबा असलेलं सोरबॉन ते हेच. आपल्याकडच्या भाषेत बोर्डिंग! तिथल्या ग्रंथालयात नेहमी लागणारी पुस्तकं साखळीनं मेजाला बांधलेली असत, कोणी एकट्यानं खोलीवर नेऊ नयेत म्हणून. हे वाचलं तेव्हा आमच्या बोर्डिंगमधला एकुलता एक इंग्रजी शब्दकोश आठवला. तो सुतळीनं टेबलाच्या पायाला बांधलेला असे. रात्री कंदिलाभोवती आम्ही नऊजण त्यावर वाकलेले. जेवायला ज्वारीची भाकर, तुरीचं वरण आणि जवसाची चटणी. त्या नऊजणांतले सहा पुढं मास्तर झाले.

न्यूटन १६६१ मध्ये केंब्रिजला गेला. त्याच्या आईनं त्याला शाळेतून काढून शेतीला लावलं होतं, मामानं आणि मास्तरांनी समजूत घातली तेव्हा तो परत शिकू शकला. कॉलेजातही तो श्रीमंत पोरांची कामं करून शिकणाऱ्यांत होता.

आपल्या भाऊसाहेबांनी, डॉ. पंजाबराव देशमुखांनी, एडिनबरो आणि ऑक्सफर्ड दोन्ही पाहिलं होतं. परत आल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं आणि सगळ्या जातींची पोरं एका छताखाली आणली. तिकडून काय आणायचं ते त्यांना नेमकं कळलं होतं.

आमच्या तालुक्याच्या गावी मुलींचं एक वसतिगृह होतं. सहा वर्षांपासून त्याला कुलूप आहे. माझ्या गावातून अकरावी-बारावी सायन्सच्या अकरा मुली २२ किलोमीटरवर एसटीनं जातात. पास आहे, गाडीचा भरवसा नाही. गेल्या पावसाळ्यात नाल्याला पूर आला आणि तीन दिवस गाडी बंद होती. शेजारची पोर दप्तर घेऊन फाट्यावर उभी होती. म्हणाली, "काकाजी, आज बी गाडी आलीच नाही. माह्यं प्रॅक्टिकल गेलं." दोघींचं शिक्षण यंदा सुटलं. एकीचं लग्न ठरलं आहे.

नव्या विद्यापीठाची मागणी होते, तिच्या बातम्याही छापून येतात. माझी मागणी लहान आहे. ते कुलूप निघावं, छताची गळती थांबावी, तीस खाटा आणि दोन वेळचं जेवण मिळावं. मुलींसाठी अधीक्षक बाईच हव्यात. किराणा, भाजीपाला आणि हिशेबाची वही मी पाहीन, पगार नको. तो शब्दकोश बोर्डिंग मोडलं तेव्हा मी घरी आणून ठेवला होता. पहिल्या दिवशी तो घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त वसतिगृह अधीक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ