चितवनला एका रात्रीत उरकू नका

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

नेपाळ टूरच्या जाहिराती परत सुरू झाल्यात. काठमांडू, पोखरा, मुक्तिनाथ आणि मधे कुठेतरी 'चितवन जंगल सफारी'. त्याबद्दलच लिहायचंय कारण आपल्याकडची खूप माणसं तिथं जातात आणि काहीच न बघता परत येतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

बऱ्याच टूरमधे चितवन म्हणजे काय असतं, तर दुपारी उशिरा बस जंगलालगतच्या सौराहा गावात पोचते, संध्याकाळी तिथल्या थारू आदिवासी लोकांचा नाच, सकाळी घाईघाईत एक चक्कर आणि नाश्ता झाला की सामान परत बसमधे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचाही कार्यक्रम असाच होता आणि ग्रुपमधले अर्धे लोक वाघ दिसला नाही, पैसे वाया गेले म्हणत बसले होते. नंतर मी स्वतःच बुकिंग करून मार्चमधे गेलो, निवांत राहिलो, तेव्हा कळलं की हे जंगल बघायची पद्धतच वेगळी आहे.

पहिली गोष्ट म्हणजे गवत. हे तराईचं, म्हणजे हिमालयाच्या पायथ्याच्या सखल पट्ट्यातलं जंगल, सपाट, राप्ती, नारायणी आणि रेऊ या नद्यांच्या पुराच्या मातीवरचं, आणि तिथलं हत्ती गवत पावसाळ्यानंतर इतकं वाढतं की हत्ती आत शिरला तरी दिसत नाही, मग गेंडा कुठून दिसणार. आपल्याकडची गर्दी जाते दिवाळीत, म्हणजे नेमकं गवत सगळ्यात उंच असताना. पुढे जानेवारीत आसपासच्या गावातल्या लोकांना छपरासाठी गवत कापायची परवानगी मिळते, त्यानंतर राहिलेलं गवत जाळतात, आणि फेब्रुवारी मार्चमधे कोवळे हिरवे कोंब आले की चितळ, गेंडे सगळे मोकळ्यावर चरायला येतात. म्हणजे तेच जंगल, तेच तिकीट, पण चार महिन्यांनी गेलात तर जमीन अस्मानाचा फरक. हे एकही टूरवाला सांगत नाही कारण त्याचं गणित शाळेच्या सुट्टीवर चालतं.

दुसरं म्हणजे वाघाचा हट्ट. वाघ तिथं आहेत, २०२२ च्या गणनेत एकट्या चितवनमधे १२८ निघाले, पण साल वृक्षांच्या दाट जंगलात आणि गवतात तो दिसणं हे नशीब. चितवनचा खरा मान एकशिंगी गेंड्याचा आहे, काझीरंगा सोडलं तर एवढे गेंडे जगात कुठेच नाहीत. आणि ते सहज टिकलेले नाहीत हो. नेपाळच्या राणा राज्यकर्त्यांच्या काळात तिथं मोठमोठ्या शिकारी व्हायच्या, तरी मलेरियामुळे बाहेरचं कोणी राहायला येत नव्हतं, मुख्यतः थारू लोक राहायचे. १९५० च्या दशकात डीडीटी फवारून मलेरिया हटवला आणि डोंगरातले लोक शेतीसाठी खाली उतरले, जंगल तुटलं, चोरटी शिकार वाढली आणि १९६० च्या दशकात चितवनमधे शंभरसुद्धा गेंडे उरले नव्हते. १९७३ साली नॅशनल पार्क झालं, नेपाळमधलं पहिलं, सैन्य पहाऱ्याला आलं, आणि २०२१ च्या मोजणीत तिथं ६९४ गेंडे होते. एवढं माहीत असलं ना की नदीकाठी चिखलात बसलेला गेंडा बघताना माणूस गप्प होतो, वाघाची आठवणही येत नाही.

तिसरं, चालत जा. ताडोब्यात आपल्याला जीपमधून पाय खाली ठेवता येत नाही, इथं मात्र दोन गाईड बरोबर घेऊन पायी आत जाता येतं. सकाळी धुक्यात होडीतून राप्ती ओलांडायची, काठावर मगरी पडलेल्या असतात, लांब तोंडाच्या सुसरी दिसतात (पार्कचं मुख्यालय असलेल्या कसऱ्याला यांचं प्रजनन केंद्र आहे, पिल्लं वाढवून नदीत सोडतात, ते नक्की बघा), आणि मग गाईड बांबूची काठी हातात घेऊन सांगतो की गेंडा धावून आला तर झाडावर चढा किंवा नागमोडी पळा, अस्वल आलं तर सगळे एकत्र उभे राहा. भीती खरी आहे, लहान मुलं किंवा गुडघे दुखणारे आजी आजोबा असतील तर त्यांना जीपमधूनच न्या. पण ज्यांना जमेल त्यांनी चालाच. हत्तीवरची सफारी मात्र घेऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे, त्या हत्तींना पिल्लू असताना आईपासून तोडून शिकवतात, दिवसभर साखळीला बांधतात आणि वर माणसांनी भरलेला हौदा. जीप आणि होडी असताना त्याची गरजच नाही.

आणि राहायचं ते गावातल्या लोकांच्या होमस्टेमधे राहा. पार्कच्या उत्पन्नातला ३० ते ५० टक्के हिस्सा आसपासच्या बफर झोनमधल्या, म्हणजे पार्कला लागून असलेल्या पट्ट्यातल्या गावांसाठी खर्च करायचा असा तिथला कायदा आहे, पण गेंडा रात्री नदी ओलांडून भाताच्या शेतात शिरतो ते नुकसान याच लोकांचं होतं, माणसंही मरतात, आणि नदीवर जगणाऱ्या 'बोटे' आणि 'माझी' या जमातींच्या मासेमारीवर पार्कमुळे बंधनं आली ती वेगळीच. आपण दोन रात्री जास्त राहिलो, त्यांच्या घरी जेवलो, त्यांचाच गाईड घेतला तर चार पैसे थेट त्यांच्या हातात जातात.

आपल्या पर्यटन पुरवणीत नेपाळवर लेख येतात तेव्हा चितवनच्या ऋतूबद्दल एक चौकट जरूर द्यावी. आणि टूर कंपन्यांना सांगणं एवढंच की फेब्रुवारी मार्चची एक तरी बॅच काढा, चितवनला किमान दोन पूर्ण दिवस ठेवा आणि हत्तीची चक्कर कार्यक्रमातून काढून टाका. निवृत्त झालेल्या लोकांना सुट्टीची अडचण नसते, ते नक्की येतील.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक