चोवीस रंगांची सक्ती कशाला?

संपादक महोदय,

चतुर्थी जवळ आली की गावोगावी चित्रकला स्पर्धांची पत्रकं फिरू लागतात. शेजारच्या मुलाने आणलेल्या अशाच एका पत्रकात निसर्गचित्राच्या गटाखाली ‘किमान २४ रंगांची पेटी आवश्यक’ अशी अट वाचली आणि राहवलं नाही. मी फोंडा तालुक्यात चित्रकला शिकवून निवृत्त झाले. माझं म्हणणं, अट उलटी हवी: चारच रंग आणा!

पेटीत तयार हिरवा असला की मूल तो माडालाही फासतं, शेतालाही आणि डोंगरालाही. चित्र ऑइलपेंट मारलेल्या गेटसारखं दिसतं. त्यापेक्षा अल्ट्रामरीन (गडद निळा), लेमन यलो, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि पांढरा एवढ्याच पोस्टर कलरच्या बाटल्या द्या. लेमन यलोला निळ्याचं बोट लावलं की नुकत्या लावणी झालेल्या शेताचा पोपटी मिळतो. निळा वाढवून किंचित सिएना घातला की आंब्याचं झाड. पिवळा वगळून निळा, सिएना आणि पांढरा कालवला की भरून आलेलं आभाळ; निळा जास्त पडला तर थंड करडा, सिएना जास्त झाला तर मातकट. जांभ्याच्या कुंपणाला सिएना जवळजवळ तसाच चालतो, कारण दोघांचाही तांबडेपणा लोहाच्या ऑक्साईडचा. तोच सिएना आभाळात नि झाडातही थोडाथोडा मुरलेला असल्याने चित्र विस्कटत नाही.

स्वीडनचे चित्रकार अँडर्स झोर्न यांच्या नावाने तर पांढरा, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी लाल) आणि काळा असा चार रंगांचा संच ओळखला जातो. त्यात निळा नाहीच. ऊबदार रंगांशेजारी काळ्या-पांढऱ्याचा करडाच निळसर भासतो. (आपल्या श्रावणातल्या शेताला मात्र तो संच पुरायचा नाही!)

रंग कमी केले की आकारही आवरावे लागतात. डोळे बारीक करून पाहिलं की खाजनातल्या (खाडीकाठच्या सखल शेतातल्या) मेरा म्हणजे बांध, गवत, बगळे सगळं विरघळतं आणि तीन पट्टे उरतात: आभाळ, माडांची रांग, शेत. रुंद ब्रशने आधी तेवढंच रंगवावं. मग विजेचा खांब किंवा एखादी होडी, एकच काहीतरी. सगळे बगळे काढायलाच हवेत असं नाही.

आयोजकांना विनंती, यंदा एक गट तरी चार रंगांचा ठेवा. पालकांचे पैसेही वाचतील. फक्त पांढरी बाटली मोठी आणायला सांगा, ती सगळ्यांत आधी संपते.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, फोंडा