डॅशहाउंडवर सरसकट मशीन फिरवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होळी झाली की लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या पेट शॉपमध्ये एकच मागणी सुरू होते : 'कुत्र्याला गरम होतंय, सगळे केस उडवून द्या.' डॅशहाउंडही यातून सुटत नाही. लांब पाठ आणि आखूड पाय सारखे असले तरी या जातीत केसांचे तीन प्रकार आहेत आणि तिघांची निगा वेगळी. अंगभर मशीन यातल्या एकालाही लागत नाही.

कुत्रा माणसासारखा अंगभर घामेजून थंड होत नाही, तो मुख्यतः धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो. त्यामुळे केस काढून त्याला फारसा गारवा मिळत नाही. उलट उन्हाची झळ अडवणारे पांघरूण जाते आणि ४२ अंशांच्या उन्हात उघडी कातडी भाजते.

आपल्याकडे बहुतेक वेळा दिसतो तो आखूड, गुळगुळीत केसांचा. त्याला आठवड्यातून दोनदा रबरी ब्रश आणि वरून ओलसर सुती फडके पुरते. त्याचे केस गळत नाहीत हा गैरसमज आहे. ते बारीक असतात आणि सतरंजीत रुततात. शहाबादी फरशीवर सतत बसून त्याच्या कोपरांना घट्टे पडतात, म्हणून खाली जुनी गोधडी घालावी.

लांब केसांच्या डॅशहाउंडला कानामागे, काखेत, मांड्यांमागे आणि शेपटीला झालर असते. जट तिथेच धरते. वरून ब्रश फिरवला की केस चमकतात, पण खालची गाठ तशीच राहते. म्हणून केसांचा थर हाताने उचलून धातूच्या कंगव्याने मुळापासून टोकापर्यंत विंचरावे, तेही दिवसाआड. गाठ सापडली तर तिचे मूळ बोटांत धरून टोकाकडून थोडी थोडी सोडवावी. हे आंघोळीच्या आधी करायचे, कारण पाणी लागले की जट आवळते. जटेखाली कात्री कधीही घालू नये. कातडी जटेबरोबर वर ओढलेली असते आणि नेमकी तीच कापली जाते. जट सुटण्यापलीकडे गेली असेल तर जाणकाराने तेवढ्याच जागी मशीन लावावे, आणि पाते तापले का हे मधूनमधून स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहावे.

दिवाळीनंतर गवत वाळले की या झालरीत कुसळे अडकतात. कुसळ पुढेच सरकते, मागे येत नाही; बोटांच्या बेचक्यातून ते थेट मांसात शिरते. फिरून आल्यावर चारही पंजे आणि कान तपासावेत. कुत्रा एकच पंजा चाटत राहिला किंवा अचानक डोके झटकू लागला तर डॉक्टरांना दाखवावे.

तिसरा प्रकार दाढी-भुवयांचा, तारेसारख्या राठ केसांचा. तो आपल्याकडे क्वचित दिसतो, पण सर्वाधिक नुकसान त्याचेच होते. काटेरी झुडपांत शिरणाऱ्या शिकारी कुत्र्याला उपयोगी पडावा असा त्याचा वरचा थर, बाभळी-बोरीच्या रानालाही साजेसा. मशीनने केस अर्धवट कापले जातात, मेलेले मूळ आतच राहते, मऊ आतला थर वर येतो आणि राठपणा व रंग दोन्ही जातात. योग्य पद्धत म्हणजे पिकलेले, म्हणजे वाढ पूर्ण होऊन मेलेले केस हाताने उपटणे, वर्षातून दोन-तीनदा. पाठीवरचे मोजके केस चिमटीत धरून वाढीच्या दिशेने ओढावेत. सहज निघाले तर वेळ झाली आहे. दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरावी, बोटे घसरली तर खडूची पूड लावावी. पोट आणि मांडीच्या आत मात्र कात्रीच बरी. म्हाताऱ्या किंवा कातडीच्या आजारी कुत्र्याला उपटणे सोसत नसेल, तर तिथे मशीन लावण्यात गैर काही नाही.

आंघोळ महिन्या-दीड महिन्याने पुरते. माणसाचा साबण नको, त्याने कुत्र्याची कातडी कोरडी पडते. बोअरच्या जड पाण्यात शाम्पू लवकर निघत नाही आणि उरलेला शाम्पू खाज आणतो. म्हणून तो आधीच मगभर पाण्यात पातळ करावा. दुपारी छतावरच्या टाकीचे पाणी थेट ओतू नये, ते पोळते. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या भागाखाली हवा. पुढचे पाय धरून उचलले तर लांब कण्यातल्या चकतीवर ताण येतो आणि मागचे पाय लुळे पडण्याची वेळ येऊ शकते.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. बैलांच्या गोचिडांचे औषध अंदाजाने पाण्यात कालवून कुत्र्याला लावणे फार धोक्याचे आहे. आठ-दहा किलोचा हा जीव अंग चाटतो आणि औषध पोटात जाते. रॉकेल तर नकोच. गोचीड कातडीलगत चिमट्यात धरून सरळ ओढावी, बोटांनी चिरडू नये. ती अंडी कुत्र्यावर नव्हे, भिंतीच्या भेगांत घालते, त्यामुळे भेगा बुजवल्याशिवाय उपाय अपुरा राहतो. औषध कुत्र्याचे वजन सांगूनच डॉक्टरांकडून घ्यावे. घरात मांजर असेल तर तेही सांगावे, कारण कुत्र्याला चालणारे पर्मेथ्रिन हे गोचीडनाशक मांजरीला विष ठरते.

पेट शॉपचालकांना विनंती आहे की मशीन सुरू करण्याआधी पाठीवरचे केस फुंकर मारून बाजूला करावेत, प्रकार कोणता ते पाहावे आणि मालकाला तो सांगावा.

आपला,
एक श्वानपालक वाचक, लातूर