गुडघ्याचे विच्छेदन आणि एमआरआय

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

एमआरआय आणि पडद्यावरचे आभासी शरीर हाताशी असताना वैद्यकीय विद्यार्थ्यांनी मृतदेहाचे विच्छेदन करण्याची गरज उरली आहे का, असा प्रश्न हल्ली वारंवार विचारला जातो. गुडघ्यापुरते बोलायचे तर विच्छेदन हवेच, आणि तेही एमआरआयच्या जोडीने, असे माझे ठाम मत आहे.

फ्रेंच शल्यविशारद पॉल सेगॉन्ड यांनी १८७९ मध्ये, म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या सोळा वर्षे आधी, मृतदेहांच्या गुडघ्यांवर प्रयोग केले. गुडघा जोराने पिरगळला की नडगीच्या हाडाच्या बाहेरच्या कडेचा छोटासा टवका उडतो हे त्यांनी पाहिले आणि तिथे ताणल्या जाणाऱ्या, मोत्यासारख्या चमकदार, चिवट तंतुमय पट्ट्याचे वर्णन केले. आज एक्स-रेवर तो टवका दिसला की एसीएल (गुडघ्याच्या आतला, सांधा स्थिर ठेवणारा एक प्रमुख अस्थिबंध) फाटले असण्याची दाट शंका डॉक्टरांना येते. पट्टा मात्र बराच काळ दुर्लक्षितच राहिला. २०१३ मध्ये बेल्जियममधील संशोधकांनी ४१ गुडघ्यांचे विच्छेदन केले, तेव्हा त्यांपैकी ४० गुडघ्यांत तो स्पष्टपणे वेगळा करता आला. एमआरआयवर हाच पट्टा अखंड दिसेलच असे नाही, कारण तो पातळ आणि तिरपा आहे आणि चित्राचा एकेक छेद साधारण तीन मिलिमीटर जाडीचा असतो.

चित्र फसवतेही. गुडघ्यातल्या बाहेरच्या गादीच्या (मेनिस्कसच्या) मागून पॉप्लिटियस या गुडघ्यामागच्या छोट्या स्नायूचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, जातो. तिथली नैसर्गिक फट एमआरआयवर गादी फाटल्यासारखी भासू शकते. विच्छेदनाच्या टेबलावर ज्याने त्या फटीतून प्रोब (बोथट टोकाची सळई) अलगद सरकवला आहे आणि कंडऱ्याचा गुळगुळीत, गोलसर पृष्ठभाग बोटाने चाचपला आहे, तो विद्यार्थी पुढे चित्रातली ती रेघ पाहून घाईने निदान करणार नाही. कंडरा एमआरआय यंत्राच्या चुंबकीय क्षेत्राशी सुमारे ५५ अंशांचा कोन करत असेल, तर निरोगी असूनही काही चित्रांत तो उजळ दिसतो, हेही त्याला समजावून सांगणे सोपे जाते.

विच्छेदनाच्या मर्यादाही मोठ्या आहेत. देह टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला गुडघा ताठरतो, देहदान बहुतेक वृद्धांचे असते आणि एकदा कापलेला थर पुन्हा जागेवर बसवता येत नाही. मार लागल्यावर हाडाच्या आत येणारी सूज एमआरआय दाखवतो, सुरीला ती सापडत नाही. जिवंत रुग्णाच्या बाबतीत तर एमआरआयला तोड नाही.

म्हणूनच वैद्यकीय महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, जिथे यंत्र उपलब्ध आहे तिथे दान मिळालेल्या एखाद्या तरी देहाच्या गुडघ्याचा एमआरआय फॉर्मॅलिन भरण्यापूर्वी काढून ठेवावा, कारण त्या रसायनाने ऊतींकडून एमआरआयला मिळणारे संकेत बदलतात. मग त्याच गुडघ्याचे विच्छेदन होताना ती चित्रे टेबलाशेजारी लावावीत आणि रेडिओलॉजीच्या शिक्षकांनाही त्या तासाला बोलवावे.

आपला नम्र,
शरीररचनाशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, मिरज