बारावं पान

पुणे, ४ ऑगस्ट

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, परवा फोनवर तू दोनदा विचारलंस, "आवाज असा का गं?" मी सर्दीवर ढकललं. सर्दी नाही, गोष्ट अडलीये. चार महिने झाले, बाराव्या पानाच्या पुढे जात नाहीये.

संपादकांना कथा जुलैअखेर द्यायची होती. त्यांचा फोन आला तेव्हा "शेवटचा हात फिरवतेय" असं ठोकून दिलं. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक निघाला, तेव्हाही कुणीतरी त्याचे संपादक काशिनाथ रघुनाथ मित्र यांना हेच ऐकवलं असणार.

"बैस की दोन तास नेट लावून," असं म्हणशील. बसते गं, रोज सकाळी सहाला बसते. एक वाक्य लिहिते, त्यातला शब्द बदलते, मग पुन्हा पहिलाच घालते. शेवटी उठून मेथी निवडते. आमच्याकडे इतकी नीट निवडलेली मेथी याआधी कधी शिजली नव्हती.

बाबा, तुम्हाला सांगितलं नव्हतं, गोष्ट भूकंपाची आहे. कोयनानगर, ११ डिसेंबर १९६७. वाचायचं ते सगळं वाचलं. पहाटेची वेळ, रिश्टर मापावर साडेसहाच्या आसपास, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली, धरणाला तडे गेले पण धरण उभं राहिलं, मुंबईतसुद्धा वीज गेली. हे सगळं गोष्टीत ओतलं आणि गोष्ट सरकारी अहवालासारखी वाचायला लागली.

त्यात एक बाई आहे. पोरांना घेऊन बाहेर पडते, आणि भिंती हलत असताना पुन्हा आत पळते. बाराव्या पानावर ती आत अंधारात उभी आहे. ती काय उचलते, ते मला कळत नाही. देव उचलायला लावले, खोटे वाटले. मंगळसूत्राचा डबा दिला, तो तर सिनेमातला वाटला. एकदा रिकामीच बाहेर काढली, तर मलाच तिचा राग आला.

ती बाई मी रचलेली आहे, असं इतके दिवस स्वतःला सांगत होते. मी सातवीत असताना आत्या जेवताना बोलून गेली होती, "आई परत आत गेली होती." आणि बाबा, तुम्ही अर्ध्या ताटावरून उठून गेलात. आजी गेली तोवर मीही कधी विचारलं नाही. आता तिलाच बाराव्या पानावर उभं केलंय आणि तिच्या हातात माझ्या मनच्या वस्तू देतेय. पेन तिथेच अडतं.

आजी आत का गेली, ते नका सांगू. पण दार आत उघडायचं की बाहेर? चिमणी कुठे टांगलेली असायची? चूल खोलीच्या कुठल्या कोपऱ्यात होती? आई, तूही सांग. अजून पाटणला बारीक धक्का बसला की तू आधी मांडणीवरचे डबे धरतेस. ते तुला कुणी शिकवलं, आजीने?

नको वाटलं तर नका लिहू, बाबा. शनिवारच्या एसटीने मी येतेच आहे. वही इथेच ठेवून येईन. आल्यावर पावट्याची आमटी कर गं आई, मेथी नको.

तुमची,
ताई