डॉल्फिन पाहायचेत, पळवायचे नाहीत

संपादक महोदय,

दिवाळीची सुट्टी लागली की हर्णै-मुरुडपासून देवबाग-तारकर्लीपर्यंत डॉल्फिन दाखवणाऱ्या होड्या भरून सुटतात. आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो बहुधा पाठीवर उंचवटा असलेला डॉल्फिन. खाडीच्या मुखाशी, उथळ पाण्यात तो मासे धरतो. म्हणूनच होड्यांच्या तडाख्यात तोच सापडतो.

कळप दिसला की चार-पाच होड्या चहूबाजूंनी धावतात. गढूळ पाण्यात डॉल्फिन आवाजाच्या आधारे भक्ष्य शोधतो. इंजिनांच्या घरघरीत तो आधारच जातो. मग कळप दिशा बदलतो, अंग चोरून एकत्र पोहतो, लांब बुड्या मारतो. पाण्यावर शेपटी आपटली की पर्यटक टाळ्या वाजवतात. ती पुष्कळदा त्रासल्याची खूण असते. पिल्लू आईच्या कुशीला चिकटून श्वास घ्यायला वर येतं. मधे होडी घुसली की दोघांची ताटातूट होते, आणि मादीला दोन-तीन वर्षांतून एकच पिल्लू होतं.

हा त्रास टाळणं होडी चालवणाऱ्या तांडेलांना अवघड नाही. शंभर मीटरवर वेग चालण्याइतका करावा. समोरून किंवा पाठीमागून न जाता बाजूनं, कळपाला समांतर जावं आणि पन्नास मीटरवर इंजिन न्यूट्रलला टाकावं. त्यापुढं जवळ यायचं की नाही ते डॉल्फिन ठरवतील. एका कळपाशी दोनच होड्या, तीही पंधरा मिनिटं. निघताना गरकन वळून जोर देऊ नये. इंजिनाच्या पंख्यापाशी पिल्लू असलं तरी वरून दिसत नाही. देवमासा दिसला, तर अंतर दुप्पट ठेवावं. 2015 साली कुणकेश्वरच्या समुद्रात निळा देवमासा दिसला होता, तेव्हा ही गोष्ट अगदीच दूरची नाही.

फेरी सकाळी सात ते नऊ बरी. जमिनीकडून येणाऱ्या मतलई वाऱ्यात पाणी सपाट असतं, पाठ लांबूनही दिसते, पाठलाग करावा लागत नाही. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटून फेस आला की शोधाशोध होते. त्यात ओहोटी असेल तर खाडीच्या तोंडावर बाहेरची लाट आणि आतलं पाणी भिडून होडी भेलकांडते. लाइफ जॅकेटचे पट्टे तिथं पोचण्याआधीच आवळलेले हवेत.

काही ठिकाणी ‘डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत’ असं सांगून तिकिटं विकतात. तांडेलाला पाठलाग करायला लावते ती हीच हमी. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीनं. ही हमी परवान्याच्या अटीतच बंद करावी आणि वरची अंतरं प्रत्येक जेटीवर मराठीत रंगवून लावावीत.

– एक वाचक, दापोली