‘सीपी’ लिहिलेल्या फायली आणि एटीएम प्रोटीन

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डीएनए रिपेअरबद्दल पेपरात जे काही छापून येतं ते बहुतेक म्हातारपण नाहीतर अल्झायमरच्या अंगाने येतं. ते वाचायला हवंच, पण ह्याच दुरुस्तीतलं एक प्रोटीन जन्मापासूनच नसेल तर दोन-तीन वर्षांच्या पोराचं काय होतं हे कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. मी मिरजेत लहान मुलांची फिजिओथेरपी करते.

त्या प्रोटीनचं नाव एटीएम. आपल्या पेशींत डीएनएची मोडतोड रोजच चालू असते, त्यात सगळ्यात वाईट म्हणजे दोन्ही धागे एकाच जागी तुटणं. तसं झालं की एटीएम पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीच्या बाकी प्रोटीन्सना कामाला लावतं आणि फारच नुकसान झालं असेल तर ती पेशी मरेल अशी व्यवस्था करतं. मेंदूतल्या पेशी गेल्या की त्यांच्या जागी नव्या सहसा येत नाहीत. एटीएम नसलेल्या मुलांत लहान मेंदूतल्या (सेरेबेलम) पुर्किंजे नावाच्या पेशी हळूहळू मरत जातात आणि शरीराचा तोल तर त्यांच्यावरच असतो. आजाराचं नाव अ‍ॅटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया, त्याचा जीन १९९५ साली तेल अवीवच्या योसेफ शिलो यांच्या टीमने शोधला.

दिसतं कसं सांगते. पोर साधारण वेळेवर चालायला लागतं म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण नंतर चाल सुधारतच नाही, डगमगतच राहतं, बोलणं जड होतं, बाजूला बघायचं तर डोळे पटकन वळत नाहीत म्हणून अख्खी मान वळवून बघतं. पुढे डोळ्याच्या पांढऱ्या भागात बारीक लाल शिरा दिसायला लागतात, घरी वाटतं डोळे आलेत, मग ड्रॉप्स चालू. त्यात बऱ्याच जणांना सर्दी-खोकला, छाती भरणं सारखंच. माझ्याकडे असाच एक मुलगा आला होता, फाईलवर ‘सीपी’ म्हणजे सेरेब्रल पाल्सी (लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालीत येणारा दोष), एमआरआय नॉर्मल, आणि आई म्हणत होती, “मॅडम, मागच्या वर्षी जिना चढायचा हो, आता धरूनपण चढत नाही.” सेरेब्रल पाल्सीत मेंदूची इजा वाढत जात नाही, हा मुलगा तर वर्षावर्षाला मागे जात होता, तरी फाईलवरचा शब्द कुणी बदलला नव्हता. मला ह्याचा खरंच राग येतो, कारण संशय यायला फार मोठी टेस्ट लागत नाही. एएफपी नावाची रक्ताची साधी तपासणी असते, गरोदर बायकांची आणि लिव्हरच्या पेशंटची करतात तीच. दोन वर्षांच्या पुढच्या अशा मुलात ती वाढलेली आली की जेनेटिक टेस्ट करायलाच पाहिजे. नॉर्मल एमआरआय दाखवून घरी पाठवू नये, सुरुवातीला तो नॉर्मल येऊ शकतो.

आजार बरा करणारं औषध आज नाही, मग नाव कळून फायदा काय असं काही पालक विचारतात. फायदा आहे ना! ह्या मुलांना रेडिएशन सोसत नाही, त्यामुळे एक्स-रे, सीटी अगदी गरज असेल तरच करायचे. ब्लड कॅन्सर, लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) त्यांच्यात जास्त होतो आणि तेव्हा नेहमीच्या डोसची रेडिओथेरपी दिली तर जिवावर बेतू शकतं, हे डॉक्टरांना आधीच माहीत असलेलं बरं. शिवाय आईवडील दोघंही कॅरिअर असतात, म्हणजे बिघडलेला जीन त्यांच्यात असतो पण स्वतःला हा आजार नसतो, पुढच्या प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची २५ टक्के शक्यता असते, आणि कॅरिअर बाईला ब्रेस्ट कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणजे आईचीपण तपासणी वेळच्या वेळी व्हायला हवी. आमच्या भागात मामाच्या, आत्याच्या मुलीशी लग्नं अजून होतात, नात्यात लग्न झालेल्या घरात पोर असं डगमगत असेल तर त्या पालकांनी डॉक्टरांना एएफपीबद्दल स्वतःहून विचारावं, संकोच करू नये.

आपल्या आरोग्य पुरवणीत एखाद्या मेंदूविकार तज्ज्ञांकडून ह्यावर सविस्तर लिहून घ्यावं आणि एएफपीचा उल्लेख ठळक छापावा ही विनंती.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट, मिरज